वजन भरपूर, पण पोषण? वॉर्डात कसं ओळखायचं

नवीन आलेल्या आहारतज्ज्ञ मुली हाडकुळ्या पेशंटपाशी हमखास थांबतात आणि जाड माणसाला नुसतं हसून पुढे जातात. मी त्यांना आधी त्या जाड माणसाच्या खाटेपाशी उभं करते.

काट्यावरच्या आजच्या आकड्यापेक्षा आधीचं वजन महत्त्वाचं. ते आठवत नसेल तर जुने केसपेपर काढा. तेही नसतील तर विचारा, पट्टा किती भोकं आत गेला? अंगठी सैल झाली का? समजा, एक काका आहेत, उंची १६५ सेंमी, सहा महिन्यांपूर्वी वजन ९६ किलो, आज ८८. बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) ३२, म्हणजे अजून जाडच, त्यामुळे वजन उतरलं म्हणून घरचे खूश. पण ८ किलो म्हणजे ९६ च्या सव्वाआठ टक्के. सहा महिन्यांत ५ टक्क्यांवर घट, तीही न ठरवता, ही धोक्याची खूण आहे. ‘मस्ट’ या कुपोषणाची जोखीम ओळखण्याच्या तक्त्यात या काकांना बीएमआयचे गुण शून्य, पण घटीचा १ मिळतो, आणि तेवढ्यावरच ते मध्यम जोखमीत जातात. बीएमआय बघून तक्ता मिटलात तर हे सुटतंच.

पायांवर सूज असेल तर खरी घट याहूनही जास्त असते. बोटाने दाबून खड्डा पडतो का पाहा.

‘जेवताय ना?’ असं विचारलं की सगळे ‘हो’च म्हणतात. परत जाणारं ताट बघा. आठवडाभर नेहमीच्या निम्मं किंवा त्याहून कमी पोटात जात असेल तर नोंद करा.

मग टेप घ्या. पोटरी जिथे सर्वांत जाड तिथे मोजा, पण चरबीचा वाटा वजा करा: बीएमआय २५ ते ३० असेल तर ३ सेंमी, ३० ते ४० असेल तर ७, त्यापुढे १२. आपल्या काकांची पोटरी ३९ भरली, दिसायला दणकट. ७ गेले, उरले ३२. आशियाई पुरुषांत ३४ च्या खाली (बायकांत ३३) म्हणजे स्नायू कमी. सुजलेल्या पायावर मात्र हे माप घेऊ नका, तिथे हाताच्या पकडीची ताकद तपासा.

अल्ब्युमिनवर (रक्तातल्या एका प्रथिनावर) विसंबू नका. संसर्गात, सुजेतही ते उतरतं.

जोखीम दिसली की ‘वजन कमी करा’चा कागद काढून घ्या, आजारपणात आधी प्रथिनं. आणि दहा दिवसांहून जास्त जवळपास उपाशी असलेल्याला, जाड असला तरी, एकदम पोटभर देऊ नका. डॉक्टरांना सांगून रक्तातले फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियम तपासा, थायमिन (बी१ जीवनसत्त्व) आधी सुरू करा, मग हळूहळू वाढवा.