परकायाप्रवेशाची कादंबरी: नायिकेला स्वतःच्या पायावर कसं उभं करायचं?

आजची मुलगी अपघातात जाते आणि डोळे उघडते ती थेट जुन्या चीनमधल्या एखाद्या नकोशा सुनेच्या अंगात. चिनी वेब कादंबऱ्यांचा हा साचा वाचकांना पाठ आहे. असं काही लिहायला घेतलं, की नायिका पहिल्याच प्रकरणात सासूला फाडफाड बोलते, आणि पाचव्यात अडकली की राजपुत्र सोडवायला धावतो. हे टाळायचं तर तिचा पैसा, कागदपत्रं आणि कायदा आधी जुळवून घ्या. संवाद नंतर सुचतात.

सर्वात आधी साल पक्कं करा. नुसतं ‘प्राचीन चीन’ म्हणून भागत नाही. सुंग राजवटीत (960–1279) माहेराहून आलेली जमीन, दागिने, रोकड दिरांच्या वाटणीत धरत नसत. विधवा पुन्हा लग्न करून गेली तर बहुधा हे स्त्रीधन बरोबर नेऊ शकायची. पुढे मंगोल युआन राजवटीत, 1303 साली, ते सासरीच ठेवायचा नियम झाला. म्हणजे तीच विधवा, तीच पेटी, पण शे-दोनशे वर्षं पुढे गेलात तर कथानक कोसळलं!

मी 1120 चं कायफेंग घेईन. तेव्हाची राजधानी, रात्रीही गजबजलेले बाजार, आणि 1127 मध्ये हे शहर उत्तरेकडून चालून आलेल्या जुर्चेन लोकांच्या हाती पडणार. नायिकेला हे ठाऊक असेल तर दागिने मोडून दक्षिणेला हांगचौकडे सरकण्यात अर्धी कादंबरी निघते. पण ठाऊक कसं? पुण्यातल्या मुलीला सुंगांचा इतिहास कुठला यायला! एक तर तिला चिनी इतिहासाची विद्यार्थिनी करा, नाहीतर तिला अंधारातच ठेवा. दुसरं जास्त रंगतं.

मग तिची पेटी उघडा आणि आत काय आहे ते वहीत लिहून काढा. नाणी तांब्याची, मध्ये चौकोनी भोक, दोरीत ओवलेली. गंमत अशी, की सरकारी हिशेबात 77 नाणी ‘शंभर’ म्हणून चालायची. नायिका पहिल्याच विक्रीनंतर नाणी मोजते, 23 कमी भरतात, ती दुकानदारावर चोरीचा आळ घेते आणि सगळा बाजार हसतो. आजचं गणित पक्कं असूनही ती तोंडावर पडते. असे दोन-तीन प्रसंग घाला, म्हणजे पुढचं यश फुकटचं वाटणार नाही.

धंदा तिला खरंच येणारा द्या. बंदुकीची दारू नि साबण सगळ्यांनी बनवून झालेत. खानावळ काढत असाल तर मिरची, टोमॅटो, बटाटा, मका विसरा. ही पिकं अमेरिकेतून आली, 1492 नंतर. तिखटासाठी आलं आहे, आणि आपल्या तिरफळाचा चिनी भाऊबंद आहे. कोकणातली नायिका तो वास लगेच ओळखेल.

स्वातंत्र्याची किंमतही दाखवा. कवयित्री ली छिंगचाओ हिने 1132 मध्ये दुसरं लग्न केलं, नवरा तिच्या जुन्या, मौल्यवान वस्तूंच्या संग्रहावर टपलेला निघाला, तेव्हा तिने त्याच्यावर सरकारदरबारी आरोप केले. नवऱ्यावर फिर्याद करणाऱ्या बायकोला, आरोप खरा ठरला तरी, कैद होती. तीही तुरुंगात गेली. ओळखीच्यांच्या मदतीने काही दिवसांत सुटली. तुमच्या नायिकेला काडीमोड हवा असेल तर दोघांच्या संमतीचा मार्गही त्या कायद्यात होता. मग नवऱ्याची सही कशी मिळवायची, यावर चार प्रकरणं सहज निघतील.

मूळ बाईचं काय झालं, हे बहुतेकजण विसरतात. तिच्या आठवणी मिळतात का, तिचं कर्ज कुणी फेडायचं, तिचं पोर ‘आई’ म्हणून बिलगलं तर? हे नियम लिहायला बसण्याआधी ठरवा आणि मध्येच बदलू नका.

प्रेम नक्की आणा, मात्र खानावळ चालू लागल्यावर. नायक वगळून कथानक वाचून बघा. गल्ला तसाच भरत असेल तर ठीक.

राहता राहिलं क्रमशः छापणं. पंधरा-वीस प्रकरणं हाताशी असल्याशिवाय पहिलं टाकू नका, आणि प्रत्येक प्रकरण हिशेब, निरोप किंवा दारावरची थाप अशा कशावर तरी अर्धवट तोडा.