झाड तोडायच्या कामाला जुनी गाडी घेताय? आधी विचारा, तिनं आजवर काय वाहिलंय

फांद्या छाटायचं, धोक्याची झाडं उतरवायचं काम नव्यानं सुरू केलेली पोरं सारखी विचारतात, दादा सेकंडहँड गाडी कुठली घेऊ, म्हणून म्हटलं एकदाच लिहून टाकू.

मॉडेल नंतर, आधी वजन. फांद्यांनी हौदा लगेच भरतो पण वजन काय होत नाही, खरा खेळ बुंध्याचा. दोन फूट जाड आणि पाच फूट लांब ओला ओंडका साडेतीनशे-चारशे किलोला जातोय, असले दोन टाकले की छोटा हत्ती (टाटा एस) भरला, वर पोरं, दोर, कटर मशीन वेगळंच. माझी पहिली गाडी अशीच लहान होती, रेन ट्रीचे ओंडके सगळे फाळक्याकडं, म्हणजे हौद्याच्या मागच्या उघडणाऱ्या दाराकडं रचले आणि चढाला पुढची चाकं हलकी पडली, स्टेअरिंग नुसतं फिरतंय गाडी वळतच नाही, घाम फुटला राव. चूक माझीच, गाडीची नाही. तर नारळ, अशोक, बंगल्यातली छाटणी एवढंच असेल तर छोटा हत्ती पुरतो, बुंधे उचलणार असाल तर बोलेरो पिकअप, आणि रोजच मोठी झाडं असतील तर सरळ टाटा ४०७ बघा, १९८६ पासून रस्त्यावर आहे, कुठल्याबी गावात दुरुस्त होते.

आता मुद्द्याचं. मालक किलोमीटर सांगतो, तुम्ही मालाचं विचारा. दुधाची गाडी लई पळालेली असते पण बंद पडून चालत नाही म्हणून सर्व्हिसिंग वेळच्या वेळी झालेलं असतं, मला तरी अशी गाडी आवडते. वाळू-खडीची असेल तर मी लांबूनच नमस्कार करतो, कमान पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या) बसलेले असतात आणि चेसिसला कुठंतरी वेल्डिंगचा जोड निघतोच. एमएच ०७, ०८ पासिंगची म्हणजे कोकणातली असेल तर खाली झोपून बघा, खाऱ्या हवेनं पत्रा आतनं खातो. हातात स्क्रूड्रायव्हर घ्या आणि चेसिसवर टकटक करत जा, चांगल्या लोखंडाचा आवाज खणखणीत येतो, जिथं भद्द वाजतंय तिथं काळ्या रंगाखाली गंज आहे समजा.

आणि आपल्या कोल्हापूरकडचा खास प्रकार म्हणजे पुरातली गाडी. २०१९ आणि २०२१ ला कितीतरी गाड्या पाण्यात होत्या, धुऊन पुसून त्या परत बाजारात येतात. सीटबेल्ट असेल तर शेवटपर्यंत ओढा, एरवी आत गुंडाळलेला जो हातभर पट्टा असतो त्यावर गाळाची रेघ दिसली की तिथनंच माघारी फिरा. फ्यूज बॉक्स उघडून जोडांवर हिरवट गंज आहे का तेपण बघा.

इंजिन थंड असतानाच चालू करायला लावा, मालकानं आधीच गरम करून ठेवलं असेल तर दुसऱ्या दिवशी जा. चालू इंजिनचं ऑइलचं झाकण काढून बघा, भकाभका धूर आला तर इंजिनचं काम निघणार. मग थोडं वजन टाकून जोतिबाच्या नाहीतर पन्हाळ्याच्या चढाला घेऊन जा, क्लच चढताना कळतो आणि ब्रेक उतरताना.

कागदांत आळस नको. बँकेचा बोजा आहे का बघा, असेल तर बँकेची एनओसी आणि बोजा उतरवायचा फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पैसे देऊ नका. फिटनेस ८ वर्षांपर्यंत दर २ वर्षांनी आणि पुढं दरवर्षी लागतो, संपलेला असेल तर तो खर्च किमतीतनं वळता करा. ई-चलन थकलंय का तेबी बघा. आरसीवर एकूण वजन ३००० किलोच्या वर असेल तर परमिट लागतं, एकाच पिकअपची वेगवेगळी मॉडेलं या रेषेच्या अलीकडं-पलीकडं असतात. फॉर्म २९ आणि ३० वर सही घेऊन १४ दिवसांत नाव लावून घ्या, इन्शुरन्सपण, नुसत्या स्टॅम्प पेपरवर गाडी फिरवू नका. गाडी कधी विनापरवाना लाकडात सापडली होती का हे तर तोंडावर विचाराच, आपला धंदाच लाकडाचा, परत तीच गाडी नजरेत नको. आपणपण झाड तोडायची परवानगी आणि लागत असेल तिथं वाहतुकीचा पास गाडीतच ठेवायचा.

हौदा बघताना फाळक्याच्या बिजागऱ्या हलवून बघा, ओंडके त्याच्यावरनंच घासत जाणार आहेत. खालचा पत्रा पातळ असला तर त्याच्यावरनं भाव पाडा, जाड पत्रा उद्यमनगरात मारून मिळतो. उंच जाळी आधीच लावलेली असेल तर ती आरसीवरच्या बॉडीशी जुळते का विचारा, आणि जाळी असो नसो, फांद्या बाहेर लोंबत ठेवू नका, माल बॉडीबाहेर गेला तर २०,००० दंड आहे, एका छाटणीला एवढं मिळत नाही आपल्याला.