वरणाचं पाणी म्हणजे जेवण नव्हे, बाळाच्या खाण्यातल्या या चुका टाळा

माझा मुलगा दहा महिन्यांचा होता तेव्हाची गोष्ट. नाशिकच्या सिडकोत आमच्या घराजवळच्या अंगणवाडीत वजन केलं तर 7 किलो 200 ग्रॅम भरलं, ताईंनी कार्डावर टिंब दिलं आणि ते हिरव्या पट्ट्यातून (वयाला योग्य वजन) घसरून पिवळ्यात (कमी वजन) पडलं. मी म्हटलं ताई, काटा बघा ना एकदा, कारण घरी आम्ही दिवसातून चार वेळा भरवायचो, वाटीत घास उरायचा नाही. त्यांनी एवढंच विचारलं, वाटीत असतं काय? वरणाचं पाणी, भाताची पेज आणि संध्याकाळी चहात बुडवलेलं बिस्किट. किती घरांत हेच चालतं, म्हणून सुरुवात याच चुकीपासून करते.

सात किलोच्या बाळाचं पोट एका वेळी साधारण 200 मिली, म्हणजे आपली एक वाटी. ती पाण्याने भरली की बाळ शांत होतं, झोपतं, आपल्याला वाटतं जेवलं पोटभर, पण डाळ तर पातेल्याच्या तळाला राहिलेली असते आणि ती आपण मोठी माणसं खातो. बाळाचं खाणं चमच्यावर टिकलं पाहिजे, चमचा जरा तिरका केला तरी पाण्यासारखं ओघळता कामा नये. मऊ खिचडी बोटांनी कुस्करा, वर चमचाभर तूप किंवा तेल घाला, शेंगदाण्याचं अगदी बारीक कूट, घरात चालत असेल तर नीट उकडलेलं अंडं. आणि नागली, म्हणजे नाचणी! आपल्याच जिल्ह्यात पेठ, सुरगाण्याकडे पिकते, 100 ग्रॅममध्ये साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं तिच्यात. तिला मोड आणा, सावलीत वाळवा आणि मग दळा, कारण मोड आलेल्या पिठाची खीर कमी घट्ट होते, त्यामुळे तेवढ्याच वाटीत जास्त पीठ मावतं आणि बाळाला गिळताही येतं. माझ्या मुलाच्या बाबतीत फरक पडला तो यानेच असं मला वाटतं.

दुसरी चूक, दात यायची किंवा उष्टावणाच्या मुहूर्ताची वाट बघत बसणं. पहिले सहा महिने फक्त अंगावरचं दूध, वरचं पाणीसुद्धा नाही, पण सहा महिने पूर्ण झाले की वरचं खाणं सुरू झालंच पाहिजे, कारण पोटात असताना साठवलेलं लोह तोवर संपत आलेलं असतं. अंगावरचं दूध मात्र दोन वर्षांपर्यंत चालू ठेवा.

आता डोळ्यांवर भरवसा ठेवण्याबद्दल. "आमच्याकडे सगळेच बारीक" हे वाक्य मी स्वतः म्हटलंय. जन्माला साधारण 50 सेंटिमीटरचं बाळ वर्षभरात 75 च्या आसपास जातं, आणि वर्षानुवर्षं पोषण कमी पडलं तर उंचीच खुंटते, मूल ठेंगणं राहतं, लोक म्हणतात बापावर गेलं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (2019-21) महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची 35 टक्के मुलं अशी वयाच्या मानाने बुटकी निघाली, म्हणजे तीनातलं एक मूल, एवढ्या सगळ्यांचे बाप बुटके कसे असतील?

आणि याच्या उलटही फसवणूक होते. बाळ गोबरं दिसतंय, पाय भरलेत, बाळसं धरलं म्हणून सगळे खूश, पण ती सूज असू शकते. दोन्ही पावलांवर अंगठा तीन सेकंद दाबून धरा, उचलल्यावर खळगा तसाच राहिला तर हे तीव्र कुपोषण असू शकतं, त्याच दिवशी दवाखान्यात न्या, तेल मालिश करत बसू नका. तसंच सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंतच्या मुलाचा दंडाचा घेर साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली आला तर तेही तीव्रच, अंगणवाडीत ती रंगीत पट्टी असते, दोन मिनिटांचं काम आहे.

जुलाब लागले की खाणं बंद करायचं, ही आमच्या सासूबाईंची पक्की समजूत होती, मायेपोटीच. पण आजारात अंग आधीच झिजतं, त्यात उपास घडला की वजन उतरतं, प्रतिकारशक्ती कमी होते आणि पुढचा आजार दारात उभाच असतो. ओआरएस द्या, डॉक्टरांच्या सल्ल्याने झिंक 14 दिवस पूर्ण द्या (जुलाब थांबले तरी), थोडं थोडं खाणं आणि अंगावरचं दूध चालू ठेवा, बरं झाल्यावर दोन आठवडे रोज एक वेळ जास्तीचं भरवा.

चहाचं तर बोलायलाच नको. चहा जेवणातलं लोह अंगी लागू देत नाही आणि त्याच सर्वेक्षणात राज्यातल्या जवळपास 69 टक्के लहान मुलांमध्ये रक्त कमी आढळलंय. लोह कमी पडलं की मूल मलूल राहतं, खेळत नाही, शिकण्यात लक्ष लागत नाही, आणि मेंदूची सगळ्यात झपाट्याची वाढ याच वर्षांत होत असते. लोह अंगी लागावं म्हणून पालेभाजी, डाळीवर लिंबू पिळा, पेरू द्या. वर्षानंतर दुधाच्या बाटल्यांवर बाटल्या देणंही नको, दुधात लोह नसल्यातच जमा आणि त्याने भूक मरते. जाहिरातीतल्या पावडरींवर पैसे घालवू नका, तेवढ्यात महिन्याभराची अंडी येतात.

आमचा मुलगा वर्षाचा झाला तेव्हा 8 किलो 100 ग्रॅम भरला, टिंब परत हिरव्यात. वजनाला दर महिन्याला त्याच काट्यावर न्या, स्वेटर-चपला काढून ठेवा आणि कार्ड न विसरता पिशवीत टाका, सलग दोन महिने वजन जागचं हललं नाही तर टिंब हिरव्यात असलं तरी डॉक्टरांना दाखवा.