जुन्या पत्त्यावर वसुलीवाले आले आणि कर्ज कुठलं तेच माहीत नाही, तेव्हा काय करायचं

गेल्या वर्षी सांगलीतल्या विश्रामबागच्या जुन्या घरमालकीण काकूंचा सकाळी फोन आला. "अरे, तुझ्या नावानं दोघंजण आलेत, कर्ज थकलंय म्हणतायत, सामान उचलणार म्हणतायत." मी ती खोली सोडून तीन वर्षं झालेली, आता मिरजेत राहतो, आणि आयुष्यात एकच कर्ज काढलेलं, गाडीचं, ते पण फिटलेलं. काकू सत्तरीच्या, घरात एकट्या, आवाज थरथरत होता. माझ्या नावापायी त्यांना हे सोसावं लागलं याचं अजून वाईट वाटतं. सांगली मिरज कुपवाडला भाड्याच्या खोल्या बदलत राहणारे खूप आहेत, हे कुणावरही येऊ शकतं, म्हणून सगळं सविस्तर लिहितोय.

आधी दारात आलेला माणूस नक्की कोण ते बघा. आपल्याकडं सगळ्यांनाच जप्तीवाले म्हणतात आणि तिथंच घोळ होतो, कारण प्रत्येकाचा अधिकार वेगळा असतो.

बँकेचा किंवा फायनान्सचा रिकव्हरी एजंट असेल तर त्याला घरातला चमचासुद्धा उचलायचा अधिकार नाही. गाडी किंवा घर तारण असेल तर त्याची प्रक्रिया वेगळी, पण टीव्ही, फ्रिज, कपाट असलं काही तो नेऊ शकत नाही. रिझर्व्ह बँकेच्या नियमानं त्याच्याकडं ओळखपत्र, बँकेचं अधिकारपत्र आणि नोटिशीची प्रत असलीच पाहिजे, आणि सकाळी 8 च्या आधी आणि संध्याकाळी 7 नंतर वसुलीसाठी फोन करता येत नाही. दमदाटी, शेजाऱ्यांपुढं बदनामी, नातेवाईकांना फोन हे सगळं बंद आहे. काकूंकडं आलेल्या दोघांकडं एक मळकी यादी सोडून काहीच नव्हतं.

दुसरा प्रकार पतसंस्थेचा, आणि आपल्या भागात हा जास्त जपून घ्यायचा. सहकार कायद्याच्या कलम 101 खाली सहकार खात्याच्या निबंधकाकडनं वसुली दाखला मिळाला की संस्थेचा विशेष वसुली अधिकारी खरोखर जप्ती करू शकतो, कोर्टात न जाता. त्यामुळं "हा कोर्टाचा नाही म्हणजे फुसका" असं समजू नका. त्याला दाखल्याची प्रत मागा, नंबर आणि तारीख लिहून घ्या, आणि तालुक्याच्या सहायक किंवा उपनिबंधक कार्यालयात जाऊन तो दाखला खरा आहे का आणि त्यात तुमचं नाव कशासाठी आहे ते विचारा. इथंच एक गोष्ट प्रामाणिकपणे आठवून बघा: कधी कुणाला जामीन राहिलाय का? मित्राच्या, साडूच्या, कामावरच्या कुणाच्या कर्जाला सही दिली, नंतर तो गाव सोडून गेला, आणि आपण विसरून गेलो, असं इथं घरटी सापडतं. "मी कर्जच काढलं नाही" हे खरं असलं तरी जामीनदाराला संस्था सोडत नाही.

तिसरा खरा बेलिफ, म्हणजे कोर्टाचा कर्मचारी. त्याच्याशी वाद घालू नका, त्याचं स्वतःचं काही नसतं, तो हुकूम बजावायला आलेला असतो. नुसतं समन्स आहे का जप्तीचं वॉरंट ते बघा, आणि कोर्टाचं नाव, केस नंबर, दोन्ही पार्टींची नावं यांचा फोटो काढा. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयाआधी जप्तीसाठी राहत्या घरात शिरता येत नाही. खुद्द देणेकऱ्याचीसुद्धा अंगावरची कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण पांघरूण, कारागिराची हत्यारं, शेतकऱ्याची अवजारं जप्त होत नाहीत, हे दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 60 मध्ये आहे. आणि घर दुसऱ्याचंच असेल तर तिथल्या लोकांच्या वस्तूंना हात लावता येत नाही, तरी लावलाच तर कोर्टात हरकत घेता येते.

मधेच एक सांगतो, लोकअदालतीची नोटीस आली की बरेचजण कोर्टाचा निकालच लागला समजून रडकुंडीला येतात. केस दाखल व्हायच्या आधीची ती नोटीस फक्त तडजोडीचं बोलावणं असतं, गेला नाही म्हणून तुमच्यावर हुकूमनामा होत नाही.

आता जुन्या घरातल्या माणसांनी काय करायचं. मी काकूंना सांगितलं की दार पूर्ण उघडू नका, "तो इथं राहत नाही, तीन वर्षांपूर्वी गेला" एवढंच बोला, स्वतःच्या नावाचं लाईट बिल किंवा घरपट्टीची पावती लांबनं दाखवा. माझा नवा पत्ता द्या, लपवू नका. कुठल्या कागदावर सही करू नका, आणि ते हटतच नसतील तर सरळ 112 लावा. पण माझ्या नावाचं रजिस्टर, स्पीड पोस्ट किंवा कोर्टाचं पाकीट आलं तर मला लगेच फोटो पाठवा म्हणलं, कारण समन्स दाराला चिकटवूनही बजावलं जातं आणि आपल्याला काहीच कळलेलं नसताना केस एकतर्फी निकालात निघू शकते. खोली सोडली की आधार, बँक, गाडीच्या कागदांवरचा पत्ता बदलून घ्या, मी हाच आळस केला होता.

आपण स्वतः काय करायचं नाही ते जास्त महत्त्वाचं. आपली ओळख पटवायला म्हणून एजंटला आधार पॅनची झेरॉक्स अजिबात देऊ नका, उलट त्यालाच विचारा की तुमच्या रेकॉर्डला कर्जदाराच्या वडिलांचं नाव काय, कर्ज कधीचं, कुठल्या शाखेचं. "सध्या हजार भरा, मी केस थांबवतो" याला भुलू नका. मुदतीचा कायदा साध्या कर्जासाठी कोर्टात दावा लावायला साधारण 3 वर्षं देतो, आणि त्या मुदतीत तुम्ही थोडे पैसे भरून किंवा लिहून कबुली दिली की मुदत नव्यानं चालू होते, म्हणजे कटकट नको म्हणून भरलेला हजार पुढं तुमच्याच विरोधात पुरावा होतो.

मग लेखी काम. बँकेच्या किंवा फायनान्स कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला ईमेल करा की हे कर्ज मला मान्य नाही, कर्जाचा अर्ज, करारनामा आणि खाते उतारा द्या, आणि त्या पत्त्यावर माणसं पाठवणं थांबवा. फोनवर बोललेलं कुठं राहत नाही. त्याच दिवशी क्रेडिट रिपोर्ट, म्हणजे आपल्या नावावरच्या कर्जांची नोंद, काढा. सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या चारही कंपन्या वर्षातून एकदा फुकट देतात, आणि चारही काढा, एकात नसलेलं दुसऱ्यात सापडतं. चुकीचं कर्ज दिसलं तर तिथंच तक्रार टाका, 30 दिवसांत निकाली काढली नाही तर दिवसाला 100 रुपये भरपाईचा नियम आहे. तुमच्या पॅनवर कुणी ऑनलाईन कर्ज उचललंय असं दिसलं तर 1930 वर सायबर तक्रार करा.

बँकेनं 30 दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा उडवाउडवी केली तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं ऑनलाईन तक्रार करा, फी नाही, वकील लागत नाही, माहितीला 14448 नंबर आहे. पतसंस्था मात्र त्यात येत नाहीत, तिथं उपनिबंधकाकडंच जावं लागतं.

कोर्टाचा कागद असेल तर ई-कोर्ट ॲपवर सांगली जिल्हा निवडून आपल्या नावानं शोधा. एकतर्फी हुकूमनामा झालेला निघाला तर घाबरू नका पण दिवस घालवू नका, समन्स नीट बजावलंच नसेल तर हुकूमनामा कळल्यापासून 30 दिवसांत तो रद्द करायचा अर्ज देता येतो. वकिलाला पैसे नसतील तर कोर्टातच जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, फोन 15100. बायकांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो.

माझ्या बाबतीत करारनाम्याची प्रत आली तेव्हा कळलं की माझं नाव आणि आडनाव तेच, पण वडिलांचं नाव आणि जन्मतारीख दुसऱ्याची. तेवढ्यावर माझा जुना पत्ता कुठनंतरी जोडला होता. दोन महिने आणि सात ईमेल गेले, मग "सदर कर्जाशी आपला संबंध नाही" असं शिक्क्याचं पत्र मिळालं. त्याच्या दोन झेरॉक्स काढल्या. एक माझ्या फायलीत आहे, दुसरी काकूंनी दाराशेजारच्या कपाटात ठेवलीय, परत कुणी आलं तर दाखवायला.