दुधाची शेळी घेताना कास रिकामी करून बघा

भरलेली कास बघून सौदा करू नका. एक धार चुकवली की कुठलीही कास टम्म दिसते. संध्याकाळी तुमच्यासमोर शेवटच्या थेंबापर्यंत धार काढायला लावा, रात्री करडं वेगळी बांधायला सांगा आणि बारा तासांनी निघालेलं दूध मापून घ्या. तेच खरं माप.

धार काढल्यावर चांगली कास रिकाम्या पिशवीसारखी लोंबते. तशीच फुगीर राहिली, तर ते नुसतं मांस. दोन्ही हातांनी चाचपा. आत गाठ, कडकपणा किंवा एक बाजू लहान असेल तर बहुधा कासदाह (कासेला सूज येण्याचा आजार) होऊन गेलेला असतो, आणि तो भाग पुन्हा पुरतं दूध देईलच असं नाही. पहिल्या दोन-तीन धारा काळ्या कपड्यावर घ्या. कण, गुठळ्या किंवा रक्त दिसलं तर ती शेळी सोडा. सड मुठीत धरता येतील एवढे हवेत. बारीक सडांना चिमटीने पिळून बोटं भरून येतात, बाटलीसारखे जाड सड नवजात करडाच्या तोंडात मावत नाहीत.

व्यायला किती दिवस झाले, हे विचाराच. पहिल्या दीड-दोन महिन्यांत दूध चढतं, मग उतरत जातं. म्हणून सातव्या महिन्यातही लिटरभर देणारी शेळी तिसऱ्या आठवड्यात तेवढंच देणारीपेक्षा सरस.

वेत दुसरं-तिसरं असावं, म्हणजे शेळी दुसऱ्यांदा-तिसऱ्यांदा व्यालेली असावी. पहिलारूच्या दुधाचा अंदाज बांधता येत नाही. वय दातांवरून कळतं: खाली पुढे आठ दात असतात, त्यात मोठ्या दातांची पहिली जोडी साधारण सव्वा-दीड वर्षात येते, पुढे वर्षाला सुमारे एक. झिजलेले, हलणारे दात म्हणजे चारा नीट चावला जात नाही.

खालची पापणी उलटून बघा. गुलाबी-लाल हवी, पांढुरकी असेल तर बहुधा जंतांनी रक्त शोषलंय. ब्रुसेलाची रक्ततपासणी टाळू नका, तो आजार कच्च्या दुधातून माणसाला होतो.

आणि एकटी शेळी आणू नका, ती ओरडत राहते, खाणं सोडते. दोन घ्या, पण दोघी एकाच वेळी गाभण नकोत. गाभणकाळ पाच महिन्यांचा, त्यातले शेवटचे दोन महिने धार बंद ठेवायची असते. तेवढ्यात दुसरीचं दूध घरी चालू राहतं.