हंस तारकासमूहातील कृष्णविवर: जागा कशी शोधावी आणि वस्तुमान कसे पडताळावे

कृष्णविवर दुर्बिणीतून दिसत नाही. परंतु ज्या ताऱ्याच्या हालचालींवरून पहिल्या कृष्णविवराचा भरवसा वाटू लागला, तो तारा साध्या 10×50 द्विनेत्रीच्या आवाक्यात आहे. एचडीई 226868 असा त्याचा यादीक्रमांक असून, त्याच्याभोवती फिरणाऱ्या अदृश्य जोडीदाराला सिग्नस एक्स-1 म्हणतात. हा तारा कसा शोधावा आणि त्याच्या जोडीदाराविषयी शास्त्रज्ञ जे सांगतात ते कागद-पेन्सिल घेऊन कसे पडताळावे, हे येथे क्रमाने दिले आहे.

महाराष्ट्रातून पाहायचे असल्यास पाऊस ओसरल्यानंतरचा ऑक्टोबर महिना सर्वांत सोयीचा आहे. महिन्याच्या मध्यास संध्याकाळी साडेसातच्या सुमारास हंस तारकासमूह जवळजवळ डोक्यावर, किंचित उत्तरेकडे असतो. चंद्र नसलेली रात्र आणि शहराच्या उजेडापासून दूरची जागा निवडावी, आणि अंधाराला डोळे सरावण्यासाठी किमान वीस मिनिटे द्यावीत. डोक्यावरचा भाग उभ्याने पाहताना मान अवघडते व द्विनेत्री हलते, म्हणून गच्चीवर सतरंजी टाकून आडवे पडावे आणि कोपर जमिनीला टेकवावेत. दहाव्या प्रतीपर्यंतचे तारे दाखवणारा नकाशा जवळ हवा (प्रत म्हणजे ताऱ्याच्या तेजाचे माप; आकडा जितका मोठा, तितका तारा मंद). त्यावाचून हा शोध म्हणजे केवळ अंदाज ठरतो.

प्रथम तीन ठळक ताऱ्यांचा त्रिकोण ओळखावा. वायव्येकडील तेजस्वी तारा अभिजित, दक्षिणेकडील श्रवण आणि ईशान्येकडील डेनेब. डेनेब ही हंसाची शेपटी. तेथून अभिजित व श्रवण यांच्या मधल्या जागेकडे येणारी ताऱ्यांची ओळ म्हणजे हंसाचे शरीर व लांब मान, आणि चोचीच्या टोकाशी अल्बिरिओ. पंखांच्या मध्यावरील सद्र या ताऱ्यापासून अल्बिरिओपर्यंतच्या अंतरात, अर्ध्याच्या थोडे अलीकडे, चौथ्या प्रतीचा एक तारा आहे; तो ईटा सिग्नी. तो द्विनेत्रीच्या मध्यभागी आणावा आणि अभिजितच्या विरुद्ध बाजूला, म्हणजे पूर्वेकडे, पौर्णिमेच्या चंद्राच्या व्यासापेक्षा किंचित कमी अंतर सरकावे. तेथे नवव्या प्रतीच्या आसपासचा जो ठिपका नकाशाशी जुळतो, तो आपला तारा. द्विनेत्रीत त्याचे काही वैशिष्ट्य जाणवत नाही, हे आधीच सांगितलेले बरे. प्रत्यक्षात तो सूर्याच्या लाखो पट तेजस्वी असा निळा महाराक्षसी तारा आहे. सुमारे 7,200 प्रकाशवर्षांचे अंतर आणि वाटेतली धूळ यांमुळे तो इतका मंद दिसतो.

या साध्या ठिपक्याकडे शास्त्रज्ञांचे लक्ष गेले ते क्ष-किरणांमुळे. 1964 साली अग्निबाणावरील उपकरणांना या दिशेने तीव्र क्ष-किरण येताना आढळले. डिसेंबर 1970 मध्ये केनियाच्या किनाऱ्याजवळून सोडलेल्या उहुरू उपग्रहाने दाखवले की त्यांची तीव्रता सेकंदाच्याही अंशात बदलते. एखादी वस्तू इतक्या झपाट्याने लुकलुकत असेल, तर तेवढ्या वेळात प्रकाश जेवढे अंतर कापतो त्याहून ती मोठी असू शकत नाही. म्हणजे उगम ताऱ्याएवढा असणे शक्य नव्हते. पुढे ग्रीनिच वेधशाळेतील लुईस वेबस्टर व पॉल मर्डिन यांनी आणि टोरांटोजवळ टॉम बोल्टन यांनी स्वतंत्रपणे ताऱ्याच्या वर्णपटातील रेषा पुढेमागे सरकताना पाहिल्या, म्हणजे तारा आलटून पालटून आपल्याकडे येत व दूर जात होता. तारा 5.6 दिवसांत एक फेरी पुरी करत होता, परंतु ज्याच्याभोवती तो फिरत होता त्याचा प्रकाश मात्र कुठेच दिसत नव्हता.

आता आकडेमोड. ताऱ्याचा आपल्या दिशेने मोजलेला कक्षीय वेग सेकंदाला सुमारे 75 किलोमीटर आहे. 75 चा घन करावा (4,21,875), त्याला फेरीच्या 5.6 दिवसांनी गुणावे (23,62,500) आणि या संख्येला सुमारे 96,50,000 ने भागावे. हा भाजक गुरुत्वस्थिरांक व मापनाची एकके यांतून आलेला आहे. उत्तर येते सुमारे 0.245 सूर्य-वस्तुमान. याला वस्तुमान-फलन म्हणतात. अदृश्य जोडीदाराचे वस्तुमान यापेक्षा कमी असू शकत नाही, एवढेच ते सांगते, आणि एवढ्यावरून कृष्णविवर सिद्ध होत नाही.

खरे वस्तुमान काढण्यासाठी ताऱ्याचे वस्तुमान आणि कक्षेचा कल (आपल्याला कक्षा किती तिरपी दिसते तो कोन; अगदी समोरून दिसली तर शून्य) हवा, आणि त्यासाठी अंतर अचूक ठाऊक हवे. 2021 साली रेडिओ दुर्बिणींच्या जाळ्याने हे अंतर नव्याने मोजले गेले. ते पूर्वीच्या समजुतीपेक्षा जास्त निघाल्याने कृष्णविवराचे वस्तुमानही सुमारे 15 वरून 21 सूर्यांवर गेले. पडताळा असा: जोडीदार 21.2, तारा 40.6 आणि कल 27.5 अंश घ्यावा. 21.2 च्या घनाला कलाच्या ज्येच्या (साइनच्या) घनाने गुणावे आणि दोन्ही वस्तुमानांच्या बेरजेच्या वर्गाने भागावे. पुन्हा 0.245 येते. दोन वेगळ्या वाटांनी आलेले आकडे एकमेकांशी जुळतात, हे स्वतःच्या हाताने करून पाहण्यात निराळाच आनंद आहे.

21 सूर्यांची अंधारी वस्तू कृष्णविवरच का? येथे निर्मितीचा विचार करावा लागतो. ताऱ्याच्या गाभ्यातील इंधन संपले की स्वतःचे वजन पेलणारा दाब नाहीसा होतो. गाभा सुमारे 1.4 सूर्यांपर्यंत असेल, तर इलेक्ट्रॉनांचा दाब त्याला श्वेतबटू, म्हणजे लहान व घट्ट विझता तारा, म्हणून थोपवून धरतो. ही मर्यादा सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांनी दाखवली. त्यापलीकडे त्याहूनही घट्ट असा न्यूट्रॉन तारा होतो, पण त्याचीही सीमा दोन ते तीन सूर्यांच्या दरम्यान आहे. त्यानंतर कोसळणे थांबवणारे कोणतेही ज्ञात बल उरत नाही. 21 हा आकडा या सीमेच्या इतका पुढे आहे की मापनातील चूक धरूनही शंकेला जागा राहत नाही. बहुतेक मोठे तारे शेवटी प्रचंड स्फोट करतात, परंतु हे जोडपे शेजारच्या तरुण ताऱ्यांच्या समूहाबरोबरच शांतपणे वाटचाल करत असल्याने, येथे जोराचा धक्का बसला नसावा आणि मूळ तारा जवळजवळ स्फोटाविनाच आत कोसळला असावा, असे मानले जाते.

आकार काढणे त्याहून सोपे आहे: दर सूर्य-वस्तुमानामागे घटना-क्षितिजाची, म्हणजे ज्याच्या आतून प्रकाशही बाहेर पडू शकत नाही त्या सीमेची, त्रिज्या 2.95 किलोमीटर. 21.2 ला ती सुमारे 62.5 किलोमीटर, म्हणजे व्यास मुंबई-पुण्यातील सरळ रेषेच्या अंतराएवढा. हे सूत्र न फिरणाऱ्या कृष्णविवराचे आहे. सिग्नस एक्स-1 अतिशय वेगाने फिरत असल्याने त्याचे क्षितिज याहून लहान आहे. क्ष-किरण मात्र क्षितिजाच्या बाहेरूनच येतात. ताऱ्यावरून वाहणारा वायू चकतीच्या रूपात फिरत आत सरकताना घर्षणाने लाखो अंशांपर्यंत तापतो. 2015 मध्ये सोडलेल्या भारताच्या अ‍ॅस्ट्रोसॅट उपग्रहानेही, मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत तयार झालेल्या उपकरणांनी, हे क्ष-किरण मोजले आहेत. कृष्णविवर आसपासचे सारे ओढून घेते, ही समजूत येथे सोडावी. दूरवर त्याचे गुरुत्वाकर्षण तेवढ्याच वस्तुमानाच्या ताऱ्याइतकेच असते.

सहा इंची दुर्बीण असेल तर त्याच रात्री श्रवण असलेल्या गरुड तारकासमूहाकडेही वळावे. तेथे सुमारे 2,000 प्रकाशवर्षांवर, अकराव्या प्रतीचा एक तारा 11.6 वर्षांत एक फेरी करतो आणि त्याचा जोडीदार 33 सूर्यांच्या वस्तुमानाचे गाया बीएच-3 हे कृष्णविवर आहे, असे एप्रिल 2024 मध्ये जाहीर झाले. तेथे वायूची चकती व क्ष-किरण नाहीत. गाया उपग्रहाला ताऱ्याच्या जागेतील सूक्ष्म डोलण्यावरूनच ते सापडले. त्रिज्येचे सूत्र तेच लावावे: सुमारे 97 किलोमीटर.