घरी वायफाय बसवायच्या आधी हे हाताशी असू द्या

नवीन कनेक्शन असो की नुसता राउटर बदलायचा असो, सगळ्यात आधी एक कागद आणि पेन घ्या. फोनच्या नोट्समधे नको, कागदच. त्यावर तीन पासवर्ड लिहायचेत. तीन वेगवेगळे असतात हे पहिल्यांदा बसवणाऱ्याला कोणी नीट सांगतच नाही. एक वायफायचा, जो आपण पाहुण्यांना देतो. दुसरा राउटरच्या आतल्या सेटिंगमधे शिरायचा. आणि तिसरा लाइनचा, म्हणजे कंपनीने तुमच्या खात्याला दिलेला पीपीपीओई (लाइनवर लॉगिन करायची एक पद्धत) युजरनेम आणि पासवर्ड. पहिले दोन सुरुवातीला राउटरच्या खाली स्टिकरवर छापलेले असतात. तिसरा तिथे नसतो. कंपनीचा माणूस येतो, स्वतःच टाइप करतो, नेट चालू करून दाखवतो आणि निघून जातो, आणि पुढे सगळं व्यवस्थित चालतं म्हणून कोणी विचारतही नाही. मागच्या वेळी माझं नेमकं हेच राहिलं होतं, म्हणून आधी तेच सांगतोय.

हा पासवर्ड नसेल तर काय होतं ते समजून घ्या. कधीतरी वायफाय अडकतं, कोणीतरी सांगतं रीसेट मार, आणि आपण टाचणीने मागचं बारीक छिद्र दाबून धरतो. रीसेट म्हणजे बंद करून चालू करणं नव्हे! बंद-चालू केलं तर काही पुसलं जात नाही, छिद्र दाबलं तर सगळं पुसलं जातं, लाइनचं युजरनेमसुद्धा. मग वायफाय दिसतं, स्टिकरवरच्या मूळ नावाने, फोन जोडलाही जातो, दांड्या पूर्ण, आणि नेट नाही. यात राउटर बिघडलेला नसतो, त्याला फक्त आपलं खातं कुठलं ते माहीत नसतं. मग कस्टमर केअर, आणि ते विचारणार नोंदणी केलेला मोबाइल नंबर, आणि तो नेमका घरातल्या दुसऱ्या कोणाचातरी निघणार जो आत्ता बाहेर आहे. म्हणून कंपनीचा माणूस घरात असतानाच विचारा: लाइन पीपीपीओईवर आहे की डायनॅमिक, म्हणजे लॉगिनशिवाय आपोआप जोडली जाणारी? पीपीपीओई असेल तर युजरनेम काय, पासवर्ड काय, कॅपिटल-स्मॉल अक्षरांसकट? व्हीलॅन आयडी (काही कंपन्या लाइनला देतात तो एक आकडा) टाकावा लागतो का? डायनॅमिक असेल तर बहुधा युजरनेम लागतच नाही, तेही लिहून ठेवा. तो म्हणेल लागत नाही हो ते तुम्हाला. लागतं. लिहून घ्या.

आता जागा. ही माणूस यायच्या आधी ठरवा, कारण तुम्ही काही बोलला नाहीत तर वायर जिथून आत येते त्याच कोपऱ्यात तो राउटर ठोकणार, आणि शेवटच्या खोलीत रेंज नाही म्हणून तुम्ही पुढे कायम कुरकुरत बसणार. राउटर घराच्या मधोमध, थोडा उंचावर, मोकळा. लोखंडी कपाटात नाही, टीव्हीच्या मागे नाही, मोठ्या आरशाजवळ किंवा माशांच्या टाकीजवळ नाही (धातू सिग्नल परतवतो, पाणी शोषतं), मायक्रोवेव्हच्या शेजारी तर अजिबात नाही कारण तोही २.४ गिगाहर्ट्झच्या आसपासच चालतो. फायबरची वायर मधोमध आणता येत नसेल तर फायबरचा डबा (फायबर ज्यात येऊन संपते तो, त्याला ओएनटी म्हणतात) कोपऱ्यातच राहू द्या आणि तिथून मधल्या खोलीपर्यंत साधी इथरनेट केबल टाका, ती १०० मीटरपर्यंत चालते, घरात एवढं अंतर कुणाला लागणार. फायबर मात्र दारात चेपू नका, काटकोनात वाकवू नका, खिळ्याने ठोकू नका. आत काच असते. आणि प्लग मोजा, डबा आणि राउटर वेगळे असतील तर दोन लागतात.

राउटर विकत घ्यायच्या आधी कंपनीला विचारा की तुमच्या डब्यातच वायफाय आहे का. पुष्कळदा असतं, आणि छोट्या घराला तेवढं पुरतं. घ्यायचाच असेल तर ड्युअल बँड, म्हणजे २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ दोन्हीवर चालणारा घ्या, आणि खोक्यावर पोर्टचा वेग वाचा. इथे बरेच जण फसतात. प्लॅन २०० किंवा ३०० एमबीपीएसचा आणि राउटरच्या मागचं वॅन पोर्ट (जिथून नेट राउटरमधे येतं ते) जुन्या फास्ट इथरनेटचं असेल, तर ते १०० च्या वर जाऊच शकत नाही, प्रत्यक्षात ९५ च्या आसपास अडकतं, खोक्यावर वायफायचा आकडा कितीही मोठा छापलेला असो. गिगाबिट पोर्ट लिहिलेलं बघा. केबलसुद्धा कॅट ५ई किंवा कॅट ६, आठही तारा जोडलेली, चारच जोडल्या असतील तर पुन्हा १०० वरच थांबणार. आणि एमबीपीएस म्हणजे मेगाबिट, आपण फाइल मोजतो ती मेगाबाइटमधे, आठने भागायचं. १०० च्या लाइनवर फाइल सेकंदाला साधारण १२ मेगाबाइटने उतरली तर लाइन बरोबर आहे, भांडायला जाऊ नका.

जोडायचा क्रम. डब्यातून निघणारी केबल राउटरच्या वॅन पोर्टमधे, जे इतर पोर्टपेक्षा वेगळ्या रंगाचं किंवा जरा बाजूला असतं. बाकीच्या, म्हणजे लॅन पोर्टमधे घातली तर सगळं बरोबर वाटूनही नेट येणार नाही. आधी डबा चालू करा आणि पॉनचा (PON, फायबरची लाइन जोडली गेल्याचा) दिवा स्थिर होईपर्यंत थांबा. एलओएसचा (LOS, सिग्नल येत नसल्याचा) लाल दिवा लागला असेल तर लाइनच तुटलीय, राउटरला हात लावू नका, कंपनीला फोन करा. मग राउटर चालू करा, फोन त्याच्या वायफायला जोडा आणि मोबाइल डेटा बंद करा, नाहीतर फोन नेट नाही असं बघून गुपचूप मोबाइल डेटावर जातो आणि सेटिंगचं पान उघडत नाही. ब्राउझरमधे टाकायचा त्या पानाचा पत्ता स्टिकरवर असतो, बहुतेक १९२.१६८.०.१ किंवा १९२.१६८.१.१. आत गेलात की कनेक्शनचा प्रकार निवडा आणि मग, हो, लाइनचं युजरनेम-पासवर्ड. कागद काढा. कागद नसेल तर इथेच गाडी थांबते, पुढचं काही होत नाही.

सगळं बरोबर टाकूनही जोडत नसेल तर कंपनीने जुन्या राउटरचा मॅक पत्ता (प्रत्येक यंत्राचा स्वतःचा ओळख क्रमांक) खात्याला बांधलेला असू शकतो, त्यांना फोन करून नवीन राउटर आहे म्हणून सांगा, ते मोकळा करतात. आणि कंपनीचा डबा आणि तुमचा राउटर दोघांचा पत्ता १९२.१६८.१.१ च असेल तर गोंधळ होतो, एकाचा बदला किंवा तुमचा राउटर ॲक्सेस पॉइंट मोडवर टाका, म्हणजे तो फक्त वायफाय देतो.

नेट आलं की लगेच उठू नका. सेटिंगचा पासवर्ड बदला (कागदावर!), वायफायचा बदला (कागदावर!). वायफायला किमान ८ अक्षरं लागतातच, तुम्ही १२ च्या वर ठेवा, फोन नंबर आणि वाढदिवस नको. सुरक्षा डब्ल्यूपीए२ किंवा डब्ल्यूपीए३, जुना फोन डब्ल्यूपीए३ वर जोडत नसेल तर दोन्हींचा मिश्र पर्याय असतो तो घ्या. डब्ल्यूईपी दिसलं तरी निवडू नका, ते केव्हाच फुटलंय. डब्ल्यूपीएस (बटण किंवा पिनने जोडायची सोय) बंद, रिमोट मॅनेजमेंट (बाहेरून सेटिंग उघडायची सोय) बंद, फर्मवेअर (राउटरच्या आतलं सॉफ्टवेअर) अपडेट करून टाका आणि ते चालू असताना वीज काढू नका.

२.४ लांब जातं पण हळू, ५ जोरात पण भिंतीपलीकडे दमतं. स्मार्ट बल्ब, कॅमेरे बहुतेक २.४ वरच जोडतात, म्हणून २.४ बंद करू नका. आजूबाजूला खूप वायफाय असतील तर २.४ चा चॅनल १, ६ किंवा ११ यातला एक. पाहुण्यांसाठी गेस्ट नेटवर्क. सेटिंगमधे बॅकअपचं बटण असतं, ती फाइल लॅपटॉपवर उतरवून ठेवा, रीसेट झालाच तर त्याच राउटरवर परत चढवता येते. ती आहे म्हणून लाइनचं युजरनेम लिहायचं टाळू नका, राउटरच जळाला तर फाइल बहुधा कामाची नाही.

वीज जात असेल तर छोटा यूपीएस, पण व्होल्ट जुळवून, आणि डबा-राउटर दोन्हीला.

स्पीड बघताना आधी लॅपटॉप केबलने जोडा, मग वायफायवर, मग प्रत्येक खोलीत. केबलवर पूर्ण आणि वायफायवर कमी असेल तर जागा किंवा बँड बदला. केबलवरच कमी असेल तर आधी केबल आणि पोर्ट बघा, ते ठीक असतील तर कंपनीच्या माणसाला तिथेच दाखवा, तो जिना उतरायच्या आत.